‘जगातली सर्वात तिखट मिरची आपलीच!’ : आतोबांच्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या आतोबांनी परवा पहाटे साडेपाचला घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही कधी ना कधी आलाच असेल. सुरकुतलेल्या लाल मिरचीचा फोटो, कोपऱ्यात तिरंगा, आणि मजकूर साधारण असा: जगातली सर्वात तिखट मिरची म्हणजे भारताची भूत जोलोकिया. मिरची मुळातच आपली, आयुर्वेदात हजारो वर्षांपासून तिचा उल्लेख आहे. तिचं सगळं तिखट बियांत असतं, बिया काढल्या की लहान मूलही खाईल. आपलं लष्कर तिचे बॉम्ब बनवतं. कुंडीत ढोबळीशेजारी लावली तर ढोबळीही जाळ होते. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.

सतरा अंगठे आले. मी गप्प बसलोही असतो, पण गेली चार वर्षं ठाण्यातल्या आमच्या गॅलरीत मी हीच मिरची लावतोय, त्यामुळे राहवलं नाही. आतोबा, राग नसावा.

आधी ‘सर्वात तिखट’चं बघू. ही गोष्ट खरी होती, पण शिळी झाली. २००७ साली गिनेसने भूत जोलोकियाला मान दिला. न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीत पॉल बॉसलँड यांनी केलेलं मोजमाप होतं १०,०१,३०४ स्कोव्हिल (हे तिखटपणा मोजायचं माप). त्याआधीचा विक्रम रेड सॅव्हिना हाबानेरोचा, ५,७७,०००. म्हणजे जोलोकियाने नुसता विक्रम मोडला नाही, जवळजवळ दुप्पट केला. पण मग जगभरच्या हौशी लोकांच्या अंगात आलं. २०११ या एका वर्षात विक्रम हातोहात फिरला आणि त्रिनिदाद स्कॉर्पियनच्या एका वाणाने १४,६३,७०० गाठले. २०१३ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एड करी यांची कॅरोलायना रीपर आली. २०१७च्या नोंदीप्रमाणे तिची सरासरी १६,४१,१८३. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच करींच्या पेपर एक्सने २६,९३,००० वर नेऊन ठेवलं. गंमत म्हणजे रीपरच्या आईबापांपैकी एक नागा घराण्यातलीच, म्हणजे जोलोकियाच्या नात्यातली. तेव्हा अभिमान बाळगायचाच तर आजीसारखा बाळगा, नातीने नाव काढलं म्हणून.

आणि तो आकडा म्हणजे काय, हेही कुणी सांगत नाही. विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पाणी लागलं ते मोजलं. आता जिभेऐवजी यंत्रावर मोजतात, नाव मात्र स्कोव्हिलचंच राहिलं. हा आकडा वाणाच्या कपाळावर कोरलेला नसतो. आसामातल्या तेजपूरची जोलोकिया ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत लावून पाहिली तर तिच्यातलं कॅप्सेसिन, म्हणजे तिखटपणा आणणारं रसायन, निम्म्याहून खाली आलं होतं. त्यामुळे माझ्या ठाण्यातल्या कुंडीतली मिरची ‘दहा लाखांची’ आहे असं मी शपथेवर सांगणार नाही.

‘मिरची मुळातच आपली, आयुर्वेदात आहे.’ इथे जरा थांबावं लागेल, कारण हा घोटाळा शब्दानेच केलाय. आयुर्वेदात आहे ते मरिच, म्हणजे मिरी. काळी, गोल, वेलीवर येणारी. त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. त्यात मिरची नाही. असती तर वैद्यांनी ती सोडली असती का? आपल्याकडे तिखट म्हणजे आलं, मिरी, पिंपळी, मोहरी एवढंच होतं. समुद्रापलीकडून एक नवी, झणझणीत शेंग आली तेव्हा लोकांनी ओळखीच्या मिऱ्याचंच नाव तिला चिकटवलं. पोर्तुगीज १५०० साली ब्राझीलला पोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. मुंबईकडे तिला जुन्या काळी ‘गोवाई मिरची’ म्हणत, यातच सगळं आलं. उलट इक्वेडोरमध्ये सहा हजार वर्षांपूर्वीच्या वाटण्याच्या दगडांवर आणि स्वयंपाकाच्या भांड्यांवर मिरचीच्या पिठूळ कणांच्या खुणा सापडल्या आहेत. तिथे कुणीतरी तेव्हाच वाटण घालत होतं. (एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाताना आठवा: साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चारही अमेरिका खंडाकडचे.)

जोलोकियाचं कूळही अमेरिका खंडाकडचंच. ती कॅप्सिकम चायनेन्स या जातीची, आणि तिच्यात फ्रुटेसन्स जातीचे काही गुण मिसळलेले आहेत. नावात चीन आहे म्हणून चिनी समजू नका. जॅकिन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये चुकीच्या समजुतीतून ते नाव दिलं. जातीचं माहेर ॲमेझॉनच्या खोऱ्यात. पण म्हणून आपलं काहीच नाही असंही नाही. आसाम, नागालँड, मणिपूरच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बी राखून, निवडून ही मिरची आजच्या रूपाला आणली. मणिपुरात तिला ऊमोरोक म्हणतात. नागालँडच्या नागा मिरचीला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फॉरवर्डमध्ये या माणसांचा एका शब्दाने उल्लेख नाही, याचा मला आकड्यापेक्षा जास्त राग येतो.

आता बियांचं. हा दावा धोकादायक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मिरचीतलं तिखट बी बनवत नाही. आतल्या ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात, ती बनवते. बियांना ते नुसतं माखलेलं असतं. साध्या लवंगीची शीर आणि बिया खरवडून काढल्या तर तिखट बरंच उतरतं, हे घरोघरी माहीत आहे. पण या महातिखट मिरच्यांची रचना वेगळी. त्यांच्यात तिखट साठवणाऱ्या बारीक पिशव्या शिरेपुरत्या न राहता सालीच्या आतल्या भिंतीवरही पसरतात. न्यू मेक्सिकोच्याच संशोधकांनी २०१५ मध्ये हे दाखवून दिलं. माझी पहिली जोलोकिया मी हातमोजे घालून उभी चिरली तेव्हा आत भिंतीवर पिवळसर तेलाचे ठिपके दिसत होते, कढईच्या काठाला फोडणीचे शिंतोडे उडावेत तसे. बिया काढून काय करणार?

त्यातला तांदळाच्या कणीएवढा तुकडा मी जिभेवर ठेवला. आधी वास: पिकलेल्या अननसाच्या जवळचा, थोडा फुलांचा. दहाएक सेकंद काहीच नाही. मला वाटलं, फसलो, बी खोटं निघालं. मग घशाच्या मागून आग चढायला लागली आणि चढतच राहिली. कान गरम, नाक वाहतंय, उचकी थांबेना. बायकोने न विचारता दह्याची वाटी पुढे केली. पाणी प्यायलो असतो तर ते तिखट फक्त तोंडभर पसरलं असतं, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधा-दह्यातलं केसीन नावाचं प्रथिन मात्र त्याला धरून नेतं. वीस मिनिटं गेली. खरंतर तोंडात काहीच भाजलेलं नव्हतं. साधारण ४३ अंशांच्या वर तापलं की मेंदूला कळवणारा एक ग्राहक (रिसेप्टर) आपल्या नसांत असतो, कॅप्सेसिन त्यालाच फसवतं. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. पक्ष्यांचा ग्राहक फसत नाही, म्हणून आमच्या गॅलरीतला बुलबुल जोलोकिया टोचून खातो आणि मी बघत बसतो.

तेव्हा ‘लहान मूलही खाईल’ हे वाक्य कृपा करून पुढे पाठवू नका. अमेरिकेत रीपर खाण्याच्या स्पर्धेनंतर एका धडधाकट माणसाच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून भयंकर डोकेदुखी उठल्याची नोंद २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. २०२३ मध्ये तिथेच महातिखट चिप्सच्या आव्हानानंतर एक चौदा वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या हृदयात आधीच दोष होता, पण तो कुणाला ठाऊक होता?

लष्कराच्या बॉम्बची गोष्ट अर्धी खरी. जोलोकियाचा हातगोळा बनवण्याचे प्रयोग डीआरडीओने केले, २०१०मध्ये त्याच्या बातम्याही आल्या. २०१६ साली काश्मीरमध्ये जमाव पांगवण्यासाठी जे ‘पावा’ गोळे आले, त्यातलं रसायन मिरचीतल्या तिखटाचं भाऊबंद आहे, पण ते कारखान्यात तयार होतं. आसामकडचे शेतकरी मात्र दोरखंडाला मिरचीचा लेप देऊन हत्तींना शेताबाहेर ठेवायचा प्रयत्न करतात. मला तो उपयोग जास्त आवडतो.

राहिली ढोबळी. नाही होत तिखट. फळ हे आईच्या झाडाचं असतं. पराग कुठलाही येवो, फरक पडतो तो आतल्या बीमध्ये, म्हणजे पुढच्या पिढीत.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दोन तास शांतता. मग आतोबांचा निरोप आला: ‘ठीक आहे. बी असेल तर चार पाठव.’ आता पंचाईत अशी, की यंदा जोलोकिया आणि रीपर मी एकाच कठड्यावर लावल्या होत्या, दोन्ही एकाच जातीच्या, आणि मधमाश्यांची ये-जा दिवसभर. त्या बियांतून काय उगवेल ते मी सांगू शकत नाही. म्हणून त्यांना लिहिलं, बी नको, रोप देतो. फेब्रुवारीत पेरीन, उगवायलाच वीसेक दिवस घेते, मेच्या उन्हात फुलं गळतील तेव्हा घाबरू नका, आणि फळ धरलं की तोडायच्या आधी मला फोन करा.