रशियन अब्जाधीशांची बाजू? तुमच्या आक्षेपाला उत्तर

रशियन अब्जाधीशांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पुतिन यांच्या कृपेने गब्बर झालेल्यांची कीव कशाला, त्यांनी मनात आणलं असतं तर युक्रेनमधलं युद्ध केव्हाच थांबलं असतं, असं तुम्ही म्हणता. त्यातलं पहिलं मला मान्य आहे. १९९५ मध्ये सरकारला कर्ज देऊन तेल आणि निकेलच्या सरकारी कंपन्या यांच्यातल्याच काहींनी कवडीमोलाने पदरात पाडून घेतल्या, हे मी विसरलेलो नाही. मला कीव येते ती युक्रेनमधल्या माणसांची.

पण 'मनात आणलं असतं तर' हे पटत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला, हल्ला झाला त्याच दिवशी, पुतिन यांनी बड्या उद्योगपतींना क्रेमलिनमध्ये बोलावलं. तोवर रणगाडे सीमेपलीकडे गेले होते. यांचं मत कुणालाच नको होतं. त्या बैठकीला हजर होते म्हणूनही पुढे त्यांतल्या अनेकांवर युरोपीय संघाने निर्बंध लादले.

नाही म्हटलं तर काय होतं, ते टिंकॉफ बँकेचे संस्थापक ओलेग टिंकोव यांना विचारा. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवर युद्धाला उघड विरोध केला. लगेच बँकेवर दबाव आला. बँकेतला आपला ३५ टक्के हिस्सा त्यांना दुसरे अब्जाधीश व्लादिमीर पोटानिन यांच्या कंपनीला विकावा लागला, तोही, त्यांच्याच सांगण्यानुसार, खऱ्या किमतीच्या जेमतेम ३ टक्क्यांत. मग वर्ष संपायच्या आत त्यांनी रशियाचं नागरिकत्वच सोडलं.

आणि गप्प राहिलेले तरी कुठे वाचले? २००३ मध्ये, पुतिन यांना आव्हान देणारे तेल उद्योजक खोदोरकोव्स्की यांना अटक झाली, ते दहा वर्षं कोठडीत राहिले. त्यातून बाकीच्यांनी एवढंच घेतलं की राजकारणात नाक खुपसायचं नाही, मग मालमत्तेला धक्का लागत नाही. युद्धात तोही भरवसा उरला नाही. २०२५ मध्ये मॉस्कोचं दोमोदेदोवो विमानतळ कोर्टामार्फत सरकारजमा झालं. त्याच वर्षी सोन्याच्या खाणींचे मालक कॉन्स्तांतिन स्त्रुकोव यांची कंपनी गेली. ते तर तेव्हा पुतिन यांच्या बाजूच्या 'युनायटेड रशिया' पक्षाचे, चेल्याबिन्स्कच्या विधिमंडळातले मोठे नेते! म्हणून मी म्हणतो की या लोकांकडे पैसा आहे, सत्ता नाही. सत्ता आहे असं धरून आखलेलं धोरण फसणारच.

निर्बंध उठवा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की युद्धाविरुद्ध स्पष्ट बोलणाऱ्याला बाहेर पडायची वाट हवी, आणि ती वेळेत हवी. यांडेक्स या रशियन सर्च इंजिन कंपनीचे सहसंस्थापक अर्कादी वोलोझ यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये हे युद्ध रानटी असल्याचं जाहीरपणे सांगितलं; युरोपीय संघाच्या यादीतून त्यांचं नाव निघायला मार्च २०२४ उजाडला. ते बोलायला फार उशीर झाला, हा तुमचा राग रास्त आहे. तरीही ते बोलले, आणि तेवढं करणारे फारच थोडे.

स्पष्ट न बोलणाऱ्याचं उदाहरण म्हणजे अल्फा बँकेचे सहसंस्थापक मिखाइल फ्रिडमन. त्यांचा जन्म युक्रेनमधल्या ल्विव्हचा. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना पत्र लिहून रक्तपात थांबावा असं म्हटलं, पण पुतिन यांचं नाव घेतलं नाही. निर्बंध लागलेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते मॉस्कोला परतले.