"सील खराब निघत नाही, बसवणारा खराब असतो" म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली. माझ्या रॉयल एनफील्ड हिमालयन मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग (दाबत जाल तशा कडक होणाऱ्या) टाकल्या आणि नव्या सीलमुळे (शॉकअपच्या नळीभोवती बसून आतलं ऑइल अडवणारं रबरी कडं) काम कसं लटकलं ते मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हणता:

"स्प्रिंग बदलायला फक्त वरचं झाकण उघडायचं असतं, सीलला हात लावायची गरजच नव्हती. आणि सील कधी खराब निघत नाही, बसवणारा खराब असतो. गोव्याच्या खाऱ्या हवेत तुमची नळी गंजलेली असणार. ऑइल किती टाकलं तेही लिहिलेलं नाही. यूट्यूब बघून मेकॅनिक झालेल्यांनी दुसऱ्यांना शिकवू नये, वीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्यांना विचारावं."

उत्तर लांबणार आहे, कारण माझी गाडी न बघता, ते सील हातात न घेता तुम्ही निकाल देऊन मोकळे झालात.

आधी जे बरोबर आहे ते बरोबर म्हणतो. ऑइलचा आकडा द्यायला हवा होता. स्प्रिंग आणि सीलच्या किटसोबत आलेल्या कागदाप्रमाणे १० डब्ल्यू जाडीचं ऑइल, स्प्रिंग बाहेर काढून, नळी पूर्ण खाली दाबून, वरच्या काठापासून १४० मिमी, दोन्ही बाजूंना सारखं. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचे वेढे जास्त, लोखंड जास्त, त्यामुळे स्प्रिंग आत ठेवून मोजलं की हिशेब चुकतो. हे आता मूळ लेखात टाकलंय. तो विषय संपला.

आता त्या वाक्याकडे येतो. "सील कधी खराब निघत नाही, बसवणारा खराब असतो." दादा, हे तुम्ही कुणाला म्हणताय? माझे बाबा म्हापशाला पायलट होते. गोव्याबाहेरच्या वाचकांना पायलट म्हणजे विमानवाला वाटेल म्हणून सांगतो, आमच्याकडे भाड्याची मोटरसायकल चालवणाऱ्याला पायलट म्हणतात, पिवळ्या मडगार्डची गाडी, मागे एक पॅसेंजर, आणि पॅसेंजरच्या मांडीवर शुक्रवारच्या बाजाराची पिशवी. त्या गाडीवर आमचं घर चाललं. गाडी गॅरेजला लावली की त्या दिवसाचं भाडं बुडालं, म्हणून बाबा क्लच प्लेटपासून शॉकअपच्या सीलपर्यंत सगळं घरी, अंगणात, गोणपाट अंथरून करायचे आणि टॉर्च धरायला मी. तेव्हा यूट्यूब नव्हतं. नवं सील नळीवर चढवताना दुधाच्या पिशवीचा तुकडा कापून नळीच्या तोंडावर घालायचा, वरून शॉकअपचं ऑइल चोळायचं, मग सील सरकवायचं, म्हणजे नळीच्या धारेने सीलचा ओठ कापला जात नाही, हे मला बाबांनी शिकवलं, आणि आजही गोवा डेअरीची पिशवी टाकून देताना माझा हात थांबतो. ठोकताना वर जुनं सील ठेवून, पाइपचा तुकडा घेऊन, चारी बाजूंनी थोडं थोडं, सर्क्लिपची, म्हणजे सील जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्याची, खाच पूर्ण दिसेपर्यंत. याहून वेगळं तुमच्या गॅरेजमध्ये काय करतात ते सांगा, मी शिकायला तयार आहे. पण तुम्ही ते सांगितलं नाही, तुम्ही टोमणा मारलात.

बरं, बाबांचं सोडा, सीलचंच बोलू. उजवं आणि डावं सील एकाच किटमधलं, एकाच हाताने, त्याच पिशवीवरून, त्याच पाइपने बसवलेलं. उजवं कोरडं ठक्क. डाव्या बाजूला पहिल्याच राइडनंतर नळीवर ऑइलची रिंग आणि संध्याकाळपर्यंत ओघळ थेट ब्रेक कॅलिपरच्या दिशेने. ब्रेकवर ऑइल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. गाडी तिथेच उभी केली आणि डावा शॉकअप परत उतरवला.

सील काढून टॉर्चखाली धरलं. बसवताना कापलं गेलं असतं तर ओठावर चीर दिसली असती, नखाने दुमडलं की उघडणारी. तशी चीर नव्हती. सीलच्या आत ओठाला आवळून धरणारी जी बारीक गोल स्प्रिंग असते, तिचं एक टोक निमुळतं असतं आणि ते दुसऱ्या टोकात पिळून बसवलेलं असतं, तेव्हा कुठे तिचं कडं होतं. या सीलमध्ये ती टोकं जोडलेलीच नव्हती, खाचेत नुसती एकमेकांशेजारी पडलेली. मग ओठ नळीला धरणार कशाने? शिवाय ओठावर आडवी रबराची उंच रेघ, साच्याच्या सांध्याला राहते तशी, बोट फिरवलं की लागायची.

तुम्ही म्हणाल ठोकताना स्प्रिंग सुटली असेल. मलाही आधी तीच शंका होती. म्हणून विकणाऱ्याने बदलून पाठवलेली जोडी मी पाकीट न फोडताच उजेडात धरली. त्यातल्या एका सीलची स्प्रिंग तशीच उघडी. बंद पाकिटात, दादा! तिथे कुठला बसवणारा आला होता? याचा फोटो लेखात आहे, खाली ठळक लिहिलंय, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्या फोटोबद्दल एक शब्द नाही. म्हणजे लेख पूर्ण न वाचता तुम्ही लिहिलंत, किंवा वाचूनही सोडून दिलंत. दोन्हीतलं कुठलं ते तुम्हीच ठरवा.

शेवटी कंपनीचं ओरिजिनल सील आणलं, तेच हात, तीच पिशवी, तोच पाइप, आणि अख्खा पावसाळा चोर्ला घाटात वर-खाली करून डावी बाजू कोरडी आहे.

राहिलेल्या गोष्टी. खारी हवा: मी डिचोलीत राहतो, मोरजीच्या किनाऱ्यावर नाही. तरीही नळीवर वरपासून खालपर्यंत कापूस फिरवला होता, एक धागा अडकला नाही. झाकण उघडून स्प्रिंग बदलता येते हे मला माहीत आहे. गाडी जुनी होती, तळाचं ऑइल काळं झालं होतं, शॉकअप उतरवलेच होते आणि किटमध्ये सील आले होते, म्हणून बदलले. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

आणि ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत याचं वाईट जास्त वाटलं. २०० मिमीचा ट्रॅव्हल, म्हणजे शॉकअप दबायची एकूण जागा, त्यातला ७५ मिमी मी नुसता बसल्यावरच खाऊन जात होतो, केरीच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला की नाक खाली आणि त्याच वेळी खड्डा आला की हँडलला ठाण्णकन आवाज. आता बसल्यावर ६० मिमी. सुरुवातीच्या जवळच्या वेढ्यांमुळे साखळी गावातल्या बारीक खड्ड्यांवर गाडी पूर्वीसारखीच मऊ, आणि जोरात ब्रेक मारला की लांबच्या वेढ्यांवर येऊन टेकते, तळाला आपटत नाही. हे माझ्यासारख्या पगारदार माणसाला महागडा अख्खा फोर्क (पुढच्या शॉकअपची जोडी) न घेता मिळालं, हे लोकांना कळावं म्हणून मी लिहिलं. कुणाच्या गॅरेजचं गिऱ्हाईक तोडायला नव्हे. ज्यांना घरी जमत नाही त्यांनी गॅरेजमध्येच जावं, हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे.

वीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाचा मला आदर आहे, बाबांमुळे जास्तच आहे. पण तो आदर वापरून तुम्ही समोरच्याला गप्प करणार असाल तर मी गप्प बसणार नाही. ती दोन्ही सीलं, फोडलेलं आणि न फोडलेलं, माझ्याकडे ठेवलेली आहेत. डिचोलीला कधी येणं झालं तर घरी या, चहा घेऊ, सील हातात घेऊन बघा, आणि तरीही चूक बसवणाऱ्याची वाटली तर कुठे ते बोट ठेवून दाखवा, मी इथे तुमच्या नावानिशी छापतो. तोवर "बसवणारा खराब" हे दोन शब्द तुम्ही मागे घ्यावेत एवढीच अपेक्षा.