आमच्या घरचं प्लेऑफ पंचांग

माझी आजी कुठलीच गोष्ट सालाने सांगत नसे. धाकटी आत्या पानशेतच्या आधीची, शिवणाचं मशीन पानशेतच्या नंतरचं, आणि माजघरातलं कपाट म्हणजे ‘पुरात जाता जाता राहिलेलं’. १२ जुलै १९६१ हा तिच्या कालगणनेचा पहिला दिवस. टोरोंटोत संसार थाटल्यावर माझ्याही घरात असाच शक सुरू होईल आणि तो एका आइस हॉकी क्लबच्या नावाने चालेल, हे याद्या करताना कुणी बोललं नव्हतं.

क्लबचं नाव टोरोंटो मेपल लीफ्स. शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला १९६७ साली. तेव्हा अख्ख्या लीगमध्ये सहाच टीम होत्या, आता ३२ आहेत. सीझन संपला की एप्रिलमध्ये १६ टीमचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, सुरू होतात. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सातपैकी चार मॅचेस जिंकायच्या. दुसऱ्या फेरीपासून पुढचं मला विचारू नका, आमचा तिकडे फारसा संबंध येत नाही.

या पंचांगात एक मोठी खोट आहे. पानशेत एकदाच फुटलं. आमचं दर वर्षी फुटतं. नणंदेने फोनवर विचारलं, “दादा, तुझ्या मुलाची मुंज नक्की कधी झाली रे?” नवरा म्हणाला, “बॉस्टनकडून हरलो त्या वर्षी.” आता बॉस्टनकडून आम्ही २०१३ ला हरलो, २०१८ ला हरलो, २०१९ ला हरलो आणि २०२४ ला हरलो. “अगं, सातव्या मॅचला हरलो ते,” त्याने खुलासा केला. चारही वेळा सातव्याच मॅचला हरलोय. शेवटी आमंत्रणपत्रिका शोधावी लागली.

त्यातलं २०१३ म्हणजे शकारंभ. त्याआधी नऊ वर्षं प्लेऑफचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यामुळे नवरा आधीच हळवा झालेला. सासूबाई डोंबिवलीहून पहिल्यांदाच आल्या होत्या. सातवी मॅच, तिसरा म्हणजे शेवटचा पिरियड, आणि लीफ्स ४-१ ने पुढे. नवऱ्याने सोफ्यावरूनच ऑर्डर सोडली, “आई, शिरा कर!” त्यांनी लगेच तूप घालून रवा भाजायला घेतला. रवा बदामी होईपर्यंत ४-२ झालं. “एवढं तेवढं चालायचंच,” म्हणत त्यांनी दूध ओतलं. शेवटी शेवटी बॉस्टनने आपला गोली, म्हणजे गोलकीपर, काढून घेतला आणि सहावा खेळाडू उतरवला. समोरचं जाळं मोकळं. नुसता पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, तिकडे ढकलला असता तरी काम होतं. ते राहिलं, आणि बॉस्टनने ३१ सेकंदांत दोन गोल मारले. सासूबाई उलथनं हातात घेऊन बाहेर आल्या. “गोली त्यांनी काढला आणि गोल आपल्यावर? असं कसं?” नवऱ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, बॉस्टनच्या बर्जरॉनने उरलेलं काम उरकलं.

शिरा मात्र अप्रतिम झाला होता. मी दोनदा घेतला.

तेव्हापासून आमच्याकडे शेवटचा भोंगा वाजेपर्यंत कढई चढत नाही. नुसत्या हॉकीलाच नव्हे. घर घेताना विकणाऱ्याने भाव मान्य केला, वकिलाचा फोन आला, मी पेढ्यांचं नाव काढलं, तर नवरा कुजबुजला, “थांब. हे अजून चार-एकच आहे.”

दुसरं प्रकरण दाढीचं. टीम बाद होईपर्यंत दाढी करायची नाही, ही हॉकीतली जुनी प्रथा. खेळाडू पाळतात, आणि ज्यांना कुणी विचारलेलं नाही असे आमच्यासारख्यांचे नवरेही पाळतात. पुढे कधीतरी एप्रिलमध्ये सासूबाई विमानतळावर उतरल्या, लेकाचे वाढलेले खुंट पाहिले आणि घाबऱ्या होऊन मला बाजूला घेतलं, “कोण गेलं गं?” मी म्हटलं, अजून कुणी नाही, गुरुवारपर्यंत कळेल. आपल्याकडे सुतक लागलं की दाढी करत नाहीत, इथे सुतक लागलं की करतात. कप जिंकणाऱ्यांच्या दाढ्या जूनपर्यंत छातीवर रुळतात. आमच्याकडे मात्र ती खाज सुटण्याच्या पुढे कधी गेलेली नाही.

२०१७ मध्ये वॉशिंग्टनने सहा मॅचेसमध्ये घरी पाठवलं, त्यातल्या पाच ओव्हरटाइमला गेल्या. म्हणजे हरायचं ते हरायचंच, वर जागरण. २०२० मध्ये करोनामुळे प्लेऑफ ऑगस्टमध्ये टोरोंटोतच, रिकाम्या स्टेडियममध्ये भरले, तिथे कोलंबसने पात्रता फेरीतच उडवलं. प्रेक्षकांच्या दडपणामुळे हरतात, ही नवऱ्याची आवडती थिअरी तिथेच निकालात निघाली.

२०२१ चं जरा सविस्तर सांगते, कारण त्यात देव गुंतलेले आहेत. समोर माँट्रियल, म्हणजे सात पिढ्यांचं वैर. पहिल्याच मॅचला कॅप्टन टव्हारेस जखमी झाला आणि सासूबाईंनी डोंबिवलीत देव पाण्यात ठेवले. शब्दशः. त्या एप्रिलपासून भारतातून थेट विमानं बंद होती, म्हणून त्या व्हिडिओ कॉलवर. स्टीलच्या पातेल्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती, गळ्यापर्यंत. आणि लागू पडलं की! सिरीज ३-१. मग पुढच्या दोन मॅचेस ओव्हरटाइममध्ये गेल्या. सातव्या मॅचला स्टेडियममध्ये लस घेतलेले ५५० आरोग्य कर्मचारी तेवढे सोडले होते. त्यांच्यादेखत आम्ही ३-१ नेच हरलो. डोंबिवलीत नुकतं उजाडलं होतं. नवऱ्याला संशय आला, “आई, देव कुठायत?” “देव्हाऱ्यात. अरे, तीन-एक झाल्यावर काढले. बिचाऱ्यांना किती दिवस भिजत ठेवायचं?” आईला कधी उलट न बोललेला माणूस ओरडला, “चार जिंकावे लागतात गं, चार!”

२०२२ ला टँपा बे, पुन्हा सातवी मॅच. पुढे चला.

२०२३ च्या २९ एप्रिलला मात्र नवल घडलं. शनिवार होता, मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम. स्टेजवर एक गायिका भैरवीत शिरलेल्या आणि मागच्या तीन रांगांतले यच्चयावत पुरुष मांडीवरच्या फोनमध्ये. टँपाला सहावी मॅच ओव्हरटाइममध्ये होती. बाईंनी एक अवघड तान घेऊन समेवर यायला आणि टव्हारेसने गोल मारायला एकच गाठ पडली. तीन रांगा उठून उभ्या राहिल्या, कुणी शिट्टी मारली, एक काका चक्क रडायला लागले. १९ वर्षांनी लीफ्सनी एक फेरी जिंकली होती. बाईंनी कृतार्थ होऊन नमस्कार केला आणि वन्स मोअर घेतला. पुढच्या फेरीत फ्लोरिडाने ४-१ ने धुतलं ते सोडा. बाई अजून भेटल्या की सांगतात, टोरोंटोचा श्रोता फार दर्दी.

गंमत म्हणजे कप टोरोंटोतच असतो. लीफ्सच्या स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर हॉकी हॉल ऑफ फेम आहे, तिथे. म्हणजे जिंकणारे घेऊन गेले नसतील तेव्हा. शिवाय ती इमारत मुळात बँक ऑफ माँट्रियलची, हे मीठ वेगळंच. तिकीट काढलं की कपाला हातही लावता येतो, पण जिंकल्याशिवाय शिवायचं नाही असा खेळाडूंचा दंडक. नवऱ्याने मुलाला दोन हात लांब उभं केलं. “सोवळ्यातला आहे का हा?” सासूबाईंनी विचारलं, आणि पदर सावरून कपावर हात ठेवून खुशाल फोटो काढून घेतला. त्यानंतरच्या पराभवांची जबाबदारी घरात अधूनमधून त्यांच्यावर ढकलली जाते. सासूबाई १९६७ ते आजवरच्या बाकीच्या वर्षांचा हिशोब मागतात.

२०२५ ला ऑटवाला हरवलं, फ्लोरिडावर २-० आघाडी घेतली, आणि सातवी मॅच घरच्या मैदानावर ६-१ ने घालवली. लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकल्या. नवऱ्यानेही काढली. घरात बर्फ फक्त फ्रीजरमध्ये, म्हणून ती सासूबाईंच्या पुढ्यातल्या सोललेल्या मटारवर पडली. पाठीवर १६ नंबर आणि मार्नरचं नाव. त्याच उन्हाळ्यात मार्नर व्हेगासच्या टीममध्ये निघून गेला, त्यामुळे जर्सी आता घालवतही नाही आणि टाकवतही नाही. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. “कापड चांगलं आहे. बोहारणीने एक कढई सहज दिली असती. पण या नावावर झाकणसुद्धा मिळायचं नाही.” नव्या जर्सीवर कुणाचं नाव घालायचं, यावर बापलेकाची वाटाघाट चालू आहे. सासूबाईंचं म्हणणं, कोरीच घ्या.