काळी वायर म्हणजे अर्थच, हे कुणी सांगितलं?

"जुन्या गाडीचा हेडलाइट मंद आहे? 100/90 वॉटचा बल्ब टाका. काळी वायर अर्थ, लाल लाइव्ह, उरलेली डिपर. फ्यूज उडाला तर मोठा टाका. रिले नको." हा मेसेज वाचून माझे मामा जुन्या जीपचा होल्डर कापायला बसले होते. आता मात्र लिहायलाच हवं.

सगळ्यात घातक आहे ते रंगांचं. ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंग पद्धतीत काळी वायर अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली असते, एवढं मान्य. पण त्याच पद्धतीत अप्पर (लांबचा झोत) निळी-पांढरी, डिपर (जवळचा झोत) निळी-लाल, आणि नुसती लाल असते पार्किंग-टेललाइटची! जुन्या जर्मन गाड्यांत अर्थ तपकिरी असते आणि काळी वायर बरेचदा इग्निशनची लाइव्ह. डीआयएन 72552 हे जर्मन मानक तर रंगावर विसंबत नाही, टर्मिनलला क्रमांक देतं: 31 अर्थ, 56ए अप्पर, 56बी डिपर. त्यात काही जुन्या जपानी गाड्यांत बल्बची कॉमन पिनच लाइव्ह असते आणि डिपर स्विच अर्थ तोडतो-जोडतो. तिथे कॉमन पिन बॉडीला जोडली की थेट शॉर्ट. शिवाय वीस-तीस वर्षांत किती जणांनी हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडली असेल, ते वेगळंच.

मीटर लावा. आधी दोन्ही बाजूंचे बल्ब काढा. एक जरी राहिला तरी जोडणी तपासताना त्याच्या थंड फिलामेंटमधून मीटर वाजतो आणि भलतीच पिन अर्थ वाटते. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावून हेडलाइट चालू करा आणि डिपर बदलत तिन्ही पिना तपासा. डिपरला एक, अप्परला दुसरी 12 व्होल्ट दाखवत असेल तर तिसरी अर्थ. एकच पिन दोन्ही वेळा 12 दाखवत असेल, तर कॉमन लाइव्ह आहे.

मोठा फ्यूज? फ्यूज वायर वाचवायला असतो! अप्परला 60 ऐवजी 100 वॉट म्हणजे एका बल्बला पाचऐवजी आठ अँपिअरच्या वर करंट, आणि त्याच वायरीत अडीच पटीहून जास्त उष्णता. फ्यूज उडाला नाही तर वायर जळणार.

उजेड मंद असतो हे खरं आहे, पण बरेचदा जुन्या वायरीत आणि स्विचमध्ये व्होल्टेज पडतं म्हणून. त्यावर उपाय रिलेच, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच: बॅटरीपासून फ्यूजमधून जाड वायर रिलेच्या 30 क्रमांकाच्या टर्मिनलला, 87 वरून बल्बला, आणि जुनी वायर फक्त 85-86 च्या कॉइलला. अप्परला एक, डिपरला एक. मग 60/55 वॉटचा (अप्पर 60, डिपर 55) साधा बल्बही नीट पेटतो.