मग मी उतावळा की चिकाटीचा?

लक्ष न लागणं आणि उतावळेपणा ही एकाच स्वभावाची दोन रूपं, असं उतावळेपणावरच्या एका लेखात वाचलं. ते काही पटलं नाही. माझंच बघा. प्रुफं तपासायला बसलो की तीन-तीन तास मान वर होत नाही, एक वेलांटी सुटत नाही. पण समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं तोंड उघडलेलं असतं. राग आला की मेसेज आधी जातो, वाचतो नंतर!

व्हाइटसाइड आणि लायनम या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये उतावळेपणाचे चार वेगळे धागे सांगितले: भावनेच्या भरात कृती, मागचापुढचा विचार न करणं, हाती घेतलेलं तडीस न नेणं आणि थराराची ओढ. माझ्यात पहिला ठासून भरलाय, तिसरा औषधालाही नाही. व्यक्तिमत्त्वाच्या पंचघटक मॉडेलमध्येही (स्वभाव पाच मुख्य गुणांत मोजणारी मांडणी) पहिल्याचं नातं भावनिक अस्थिरतेशी, मधल्या दोघांचं कर्तव्यदक्षतेच्या अभावाशी, शेवटच्याचं बहिर्मुखतेशी. मुळंच वेगळी, मग सगळ्यांना एकच उपाय कसा लागू पडेल?

आणखी एक राहिलं. लेखातली स्ट्रूप चाचणी (‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत, सांगायचा शाईचा रंग, १९३५ पासूनची) आणि स्वभावाच्या प्रश्नावल्या यांचे निकाल एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. शांत खोलीत दोन मिनिटं स्वतःला आवरणं वेगळं, भांडण रंगात आलेलं असताना आवरणं वेगळं. त्या चाचणीत मी बहुधा उत्तम पास होईन. प्रश्नावली मात्र बायकोला भरायला देऊ नका.