78 टक्के साम्य म्हणजे 78 टक्के चोरी नव्हे: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

एकच तारा देताना तुम्ही तीन तक्रारी मांडल्या आहेत. कॉपी न केलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममध्ये आमच्या कॉपी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने 78 टक्के साम्य दाखवलं, ज्याची कॉपी तुम्ही स्वतः पकडलीत तो यादीत पार खाली राहिला, आणि हे काम फुकटात होत असताना आम्ही पैसे घेतो.

आधी त्या दोन मुलांबद्दल बोलतो, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्यांच्यावर कारवाई सुरू झाली असेल तर कृपया आजच थांबवा. 78 हा आकडा साम्याचा आहे. आमचं सॉफ्टवेअर काय किंवा मॉस, जेप्लॅग ही याच कामाची दुसरी साधनं काय, प्रोग्रॅममधले जुळणारे तुकडे शोधून देतात. ते तुकडे आले कुठून, हे त्यातल्या कुणालाच कळत नाही. तुम्ही जोडलेला स्क्रीनशॉट मी ओळ न् ओळ पाहिला. रंगवलेला बहुतेक भाग फाइल उघडणं, इनपुट वाचणं, मेनू छापणं असा आहे, आणि दोन्हीकडे ‘इथून पुढे तुमचा कोड लिहा’ ही कॉमेंट तशीच आहे. म्हणजे हा तुम्हीच वर्गाला दिलेला सांगाडा. तो ‘बेस कोड’ म्हणून अपलोड केला की तुलनेतून वगळला जातो. मॉस आणि जेप्लॅगमध्येही ही सोय याचसाठी आहे. त्या कॉमेंटच्या खाली बघा: लिंक्ड लिस्टमधून नोड काढायला एकाने रिकर्शन वापरलंय, दुसऱ्याने दोन पॉइंटर फिरवलेत. ही दोन वेगळ्या डोक्यांची कामं आहेत.

दुसरी तक्रार. त्या विद्यार्थ्याने मित्राचा छोटा प्रोग्रॅम स्वतःच्या मोठ्या फाइलमध्ये चिकटवला, असं तुम्ही लिहिलंय. समजा छोटा प्रोग्रॅम 200 टोकनचा (टोकन म्हणजे तुलनेसाठी केलेला कोडचा छोटा घटक), मोठा 800 चा आणि 200 च्या 200 जुळले. सरासरी साम्य काढताना दोन्हीकडचे जुळलेले टोकन, म्हणजे 400, दोन्ही लांबींच्या बेरजेने, म्हणजे 1000 ने, भागतात, म्हणून ते 40 टक्केच येतं. लहान फाइलच्या मानाने काढलेलं कमाल साम्य मात्र 100 टक्के येतं. यादी कमाल साम्यानुसार लावा, तो वर येईल.

पैशांचं म्हणाल तर जेप्लॅग खरंच मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि स्वतःच्या संगणकावर चालतं. तुमचं काम त्यात भागत असेल तर बिनधास्त तेच वापरा. आम्ही पैसे घेतो ते जुन्या बॅचचा साठा ठेवण्याचे आणि मदतीचे.

मात्र कुठलंही साधन घेण्याआधी एकाच असाइनमेंटवरून मत बनवू नका. जुन्या बॅचमधला एक प्रोग्रॅम घ्या आणि त्याच्या नकला स्वतः तयार करा: एकीत फक्त व्हेरिएबलची नावं बदला, दुसरीत फंक्शनचा क्रम, तिसरीत फॉर लूपच्या जागी व्हाइल लूप घाला, चौथीत कधीच न चालणाऱ्या ओळी पेरा. मग त्या बॅचमध्ये मिसळा आणि यादीत कितव्या क्रमांकावर येतात ते बघा. नावं बदलून कुठल्याही बऱ्या साधनाला फसवता येत नाही; खरी परीक्षा शेवटच्या दोन नकलांत होते. आणि त्यांच्या वर किती निर्दोष जोड्या आल्या, तेही मोजा. शिक्षकाचा वेळ तिथेच जातो.

बेस कोडची फाइल आणि विद्यार्थ्यांची नावं काढलेले प्रोग्रॅम आमच्या मदत कक्षाकडे पाठवा. तपासणी पुन्हा चालवून दोन्ही अहवाल शेजारी शेजारी लावून देतो. त्याचे पैसे घेणार नाही.