पाहुणे बोलवा, पण आमच्या पोरांना त्यांच्या मांडीला मांडी लावून बसवा

भातकापणी आटपली, दिवाळी आली की आमच्याकडे कोकणात कार्यक्रमांचे दिवस सुरू होतात ते शिमग्यापर्यंत, नंतर आंबा सुरू झाला की कोणाला गाणं ऐकायला सवड नाही आणि पावसात तर विषयच सोडा. त्यामुळे आमच्या वाद्यवृंदाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर आत्तापासूनच चर्चा पेटलीये. आणि दरवर्षीसारखा पहिला मेसेज काय, तर "यंदा पाहुणा कोण?" काय वाजवायचं, कोण वाजवणार, तालमी कधी, हे सगळं मागाहून. आधी पाहुणा.

आधीच सांगतो, मला पाहुण्यांचं वावडं नाही. पाहुणा नसेल तर मागच्या रांगा रिकाम्या राहतात, स्मरणिकेला जाहिराती मिळत नाहीत आणि ज्या सरपंचांना मारवा आणि पुरिया या रागांतलं काही कळत नाही तेही पाहुणा असला की पहिल्या रांगेत येऊन बसतात, हे सगळं मान्य. शिवाय चांगला गवय्या समोर बसून ऐकायला मिळणं ही युट्यूबवर मिळणारी गोष्ट नाही. रत्नागिरीत आर्ट सर्कलवाले थिबा राजवाड्यात महोत्सव भरवतात तेव्हा राजापूर-लांज्याहून लोक गाड्या काढून जातात ते उगाच नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. पाहुणा येतो तो आख्खा सेट घेऊन येतो. स्वतःचा तबला, स्वतःची पेटी, टाळ वाजवणारा, मागे तानपुऱ्याला दोन शिष्या, म्हणजे जनशताब्दीने दुपारी उतरायचं, गेस्टहाऊसवर सुरमई-सोलकढी, संध्याकाळी कार्यक्रम आणि गाडी जमली तर रात्रीच्या कोकणकन्येने परत. या सगळ्यात आमचा वाद्यवृंद कुठाय? आमचा वाद्यवृंद सतरंज्या घालतोय, माईकच्या वायरी सोडवतोय आणि शाल-श्रीफळाचं तबक धरून विंगेत उभा आहे. फ्लेक्सवर पाहुण्यांचा फोटो छपराएवढा आणि खाली बारीक अक्षरात आमचं नाव, "आयोजक" म्हणून. अरे आम्ही वाजवणारे आहोत ना, आयोजक कधीपासून झालो?

मागच्या सीझनचा किस्सा. एक गायिका येणार होत्या, नाव घेत नाही, गातात छानच. आमच्या एकाने फोनवर विनंती केली की शेवटची दोन नाट्यपदं आमच्या वाद्यवृंदातल्या एका तबलावाल्या पोराच्या साथीने घ्या, त्या हो म्हणाल्या. पोरगा खूष, घरी रोज दोन-दोन तास दादरा-केरवा हे ताल घासत होता. पण सूर कुठला हे त्याला कोणी कळवलंच नाही. कार्यक्रमाच्या तासभर आधी कळलं, काळी चार (पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांवरून सुरांना ही नावं), आणि याचा तबला काळी एकचा. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, काळी एकचा तबला काळी चारला लागत नाही. चढवायला गेलात तर पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटते, उतरवलात तर ती ताणणारी वादी सैल पडते आणि आवाज मरतो, त्याला मोठ्या तोंडाचा वेगळा तबलाच लागतो. पोरगा हातोडी हातात घेऊन बघतच राहिला. "माका आदी कोणी सांगूक नको?" एवढंच म्हणाला. मग फोनाफोनी, शेजारच्या गावच्या एका बुवांकडे मोठ्या तोंडाचा तबला निघाला, बाईकवरून आणला, तर खाडीकाठच्या दमट हवेने तो भिजल्यासारखा लागत होता, म्हणून हॅलोजनसमोर धरून ताणून बसवला, बाजूच्या लाकडी गट्ट्यांवर ठोकून ठोकून सुरात आणला. आणि हे होईपर्यंत पाहुण्यांच्या तबलजींनी नाट्यपद सुरूपण केलं होतं. पोरगा साउंडवाल्याशेजारी खुर्चीवर बसून ऐकत होता. गायिकेची यात काही चूक नाही, चूक मधल्या माणसांची, ज्यांना मेनू फायनल करायला वेळ होता पण एक सूर विचारायला नव्हता.

आता कोणी म्हणेल, मोठ्या ठिकाणी असंच असतं. नसतं हो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य संगीताचा वाद्यवृंद आहे, २००६ मध्ये सुरू झाला. आपल्याला त्यातलं संगीत कळो न कळो, पद्धत बघण्यासारखी आहे. तिथेही पाहुणे येतातच, पाहुणा कंडक्टर, पाहुणा सोलोवादक. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता आले होते, वय ८७. पण एवढा मोठा माणूस आला तरी सोबत आपला ऑर्केस्ट्रा घेऊन नाही आला. समोर बसलेला तिथलाच ऑर्केस्ट्रा, त्याच्यासोबत आधी तालमी आणि मग कार्यक्रम. तिथे बाहेरदेशाहूनही बरेच वादक सीझनपुरते येतात, त्यावर लोक टीकाही करतात की भारतीय किती आणि परदेशी किती, पण व्हायोलिनवाले एका स्टँडवर दोघंदोघं बसतात, नोटेशनचं एकच पान दोघांत, त्यामुळे बाहेरून आलेल्या पक्क्या वादकाशेजारी इथला शिकाऊ बसला तर त्याला बो कसा धरायचा इथपासून श्वास कधी घ्यायचा इथपर्यंत सगळं तिथल्या तिथे कळतं. मला नेमकं हेच पाहिजे. पाहुणा शेजारी बसला पाहिजे, समोर नाही.

आणि मुंबईलाच कशाला जायचं, आपल्या सिंधुदुर्गात बघा. संयुक्त दशावतार लागतो तेव्हा वेगवेगळ्या दशावतारी नाटक कंपन्यांतले नावाजलेले कलाकार एका प्रयोगाला एकत्र येतात. लिहिलेली संहिता नाही, आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं आणि मग पेटी, पखवाज, झांज यांच्या साथीवर रात्रभर चालतं. पाहुणा राजा कितीही मोठा असला तरी समोरचा राक्षस गावच्या कंपनीतला असू शकतो आणि भर संवादात तो पाहुण्याला अडचणीत पण आणतो, लोक त्याच्यासाठीच जागतात. आता डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांची जुगलबंदी, म्हणाल तर ती वेगळी, तिथे बुवा आपलं मंडळ घेऊनच उतरणार, सामनाच आहे तो.

साथीदारांची आपल्याकडे परंपरा नाही असं तर कोणी म्हणूच नये. कुमार गंधर्वांच्या मागे वर्षानुवर्षं तबला होता तो वसंतराव आचरेकरांचा. कणकवलीत त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान आहे, तिथल्या पोरांना तरी हे नाव माहीत असेल. खाली गोव्यात उतरलात तर लयकारीसाठी नावाजलेले तबलजी, लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर. ही माणसं इथल्याच मातीतली ना?

बरं, पाहुण्यांची बाजूपण खोटी नाही. एक बुजुर्ग गायक मला स्पष्टच म्हणाले, विलंबित एकतालात, म्हणजे अगदी संथ लयीत, ठेका जरा हलला तर माझी अख्खी मैफल जाते, ओळख नसलेल्या तबल्याबरोबर मी का बसू? बरोबर आहे. आणि आमची पोरंही काही कमी नाहीत, तालमीला अर्धा तास उशिरा, रियाज म्हणजे मोबाईलवर रील बघणे, आणि कार्यक्रमाच्या दिवशी मात्र झब्बा इस्त्रीचा. म्हणून मी ख्याल, म्हणजे मुख्य रागगायन, मागतच नाही. ख्याल त्यांनी त्यांच्या साथीदारांबरोबर गावा, मध्यंतरानंतर अभंग, नाट्यगीत, भक्तिगीत एवढं आमच्या पोरांबरोबर करावं. तेवढं आमची पोरं निभावतील, आणि नाही निभावलं तर तोंडावर सांगा, आम्हाला चालेल.

त्यासाठी पाहुणा आदल्या दिवशी यायला हवा. राहण्याचा खर्च वाढेल, हो वाढेल, मग फ्लेक्स दोन कमी लावा, स्टेजवरची फुलांची कमान नको, सत्काराची भाषणं कापा (ती कापली तर मी स्वतः वर्गणी दुप्पट देतो). सूर, पदं, ताल याची यादी दोन आठवडे आधी मागवायची, जो देणार नाही त्याला यंदा नको, पुढच्या वर्षी बोलवायचं. सकाळी शाळेच्या हॉलमध्ये तासभर पोरांबरोबर बसणं हे मानधनातच धरायचं, वेगळी मेहरबानी नको. टीव्हीवरचा चेहरा असेल आणि या अटी चालणार नसतील तर सरळ नाही म्हणू या, खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी बेहत्तर, आणि हे मी खुर्च्या भाड्याने आणणाऱ्या कमिटीतला माणूस म्हणून सांगतोय.

मीटिंग पुढच्या रविवारी, देवळाच्या सभामंडपात, आरती झाल्यावर. पाहुण्यांची नावं सुचवणारे येतीलच, ते येतातच. तबला, पखवाज, पेटी, बासरीवाल्यांनी यायचं आहे, आणि येताना आपापल्या तबल्याचा सूर कुठला ते कागदावर लिहून आणा.